पिशवीतली पाच चौरस मीटर सरहद्द

बंगळुरूत भाजीवाल्याकडे, बेकरीत, औषधाच्या दुकानात हल्ली एक वेगळी पिशवी हाती येते. स्पर्शाला मऊ, जराशी दुधी, जुन्या प्लास्टिकसारखी चुरचुरत नाही. तिच्या कोपऱ्यात 'कंपोस्टेबल' असं छापलेलं असतं. अशा पिशवीचं वजन पाच ग्रॅम धरू, म्हणजे आतला माल साधारण चार घन सेंटिमीटर. तो एकजीव दिसतो, पण तसा नसतो. बहुतेक वेळा त्यात दोन पॉलिमर असतात आणि ते एकमेकांत विरघळत नाहीत. एकाच्या पोटात दुसऱ्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. थेंबांचा वाटा एक पंचमांश आणि प्रत्येकाचा व्यास एक मायक्रॉन धरून गणित केलं, तर पिशवीत सुमारे दीड लाख कोटी थेंब निघतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग उलगडून जमिनीवर पसरला, तर तो पाच चौरस मीटरच्या आसपास भरेल. पिशवी स्वतः आतून-बाहेरून मोजली, तरी अर्धा चौरस मीटरही होत नाही!

एवढी मोठी सरहद्द, आणि तिची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. पिशवी दोन किलो बटाटे पेलणार की बंदापाशी फाटणार, हे या सरहद्दीवर ठरतं.

ज्यांचं आपसात जमत नाही त्यांना एकत्र आणायचंच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी दोघांचे स्वभाव बघायला हवेत. पहिला पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनज्ञाने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं. आपल्या ताकातला आंबटपणा तो हाच. आता उसाची किंवा मक्याची साखर जिवाणूंकडून आंबवून ते मिळवतात आणि त्याचे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळ्या करतात. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने अशा जैवपॉलिमरांसाठी उभारलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. खंडोबाच्या जेजुरीत भंडाऱ्याबरोबर आता पीएलएचाही विषय निघतो, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. पीएलए ताकदीला चांगला, पारदर्शक, चकचकीत. पण आडमुठा. ताणला तर जेमतेम काही टक्के लांबतो आणि काडकन तुटतो. त्याच्या पातळ पिशवीत कणीस ठेवलं, तर टोकाशी भोक पडेल.

दुसरा पीबीएटी. नाव लांबलचक आहे, पॉलिब्युटिलीन अ‍ॅडिपेट टेरेफ्थॅलेट, पण स्वभाव सरळ आहे: मऊ, लवचीक, मूळ लांबीच्या पाच-सहापट ताणला तरी न तुटणारा. फक्त अंगात जोर नाही. पीबीएटी मुख्यतः खनिज तेलापासून बनतो आणि तरी सूक्ष्मजीव तो खाऊन टाकतात. उलट ब्राझीलमध्ये ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन बनवते. ते जन्माने शेतातलं, पण कुजायला तेवढंच नाखूश. पदार्थ कुठून आला आणि तो कुजतो का, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. जिवाणूंना उगमाशी देणंघेणं नसतं. साखळीतल्या कड्या त्यांच्या विकरांना तोडता येतात की नाही, एवढंच ते बघतात.

तर एक ताठ आणि एक लवचीक. दोघांचं मिश्रण केलं तर दोघांचे गुण एकत्र यावेत, अशी भाबडी अपेक्षा. नुसतं वितळवून ढवळलं तर बहुधा उलटं होतं आणि दोघांचे दुर्गुण एकत्र येतात.

याचं कारण समजायला पॉलिमर म्हणजे काय इथपर्यंत मागे जावं लागतं. जर्मन रसायनज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं की रबर, स्टार्च, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे हजारो कड्यांचे अतिप्रचंड रेणू आहेत. तेव्हाच्या मोठमोठ्या रसायनज्ञांना हे पटलं नव्हतं. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. त्याआधीच, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी, स्वतंत्रपणे, लांब साखळ्या मिसळण्याचं गणित मांडलं. ते गणित मोठं निर्दय आहे.

पाणी आणि अल्कोहोल सहज मिसळतात, कारण मिसळल्यावर त्यांच्या सुट्या रेणूंना इकडेतिकडे बसण्याचे असंख्य नवे मार्ग मिळतात. निसर्गाचा कल अशा पसरण्याकडेच असतो. हा कल इतका जोरदार असतो की रेणूंना एकमेकांविषयी थोडी नावड असली, तरी ती चालून जाते. पण हजार रेणू एका साखळीत बांधले की प्रत्येकाचं स्वातंत्र्य गेलं. एक कडी जिथे बसेल, तिच्या शेजारीच पुढची बसायला हवी. नव्या मार्गांची संख्या एकदम रोडावते आणि मिसळण्याचा कल जवळजवळ शून्यावर येतो. मग किंचितशी नावडही पुरते. फ्लोरी-हगिन्स गणितात दोन्ही साखळ्या हजार-हजार कड्यांच्या घेतल्या, तर त्या मिसळण्यासाठी परस्परांविषयीची नावड सुट्या रेणूंच्या मानाने हजारपट कमी असावी लागते. म्हणजे जगातल्या बहुतेक पॉलिमर जोड्या न मिसळणाऱ्याच. पीएलए आणि पीबीएटी दोघेही पॉलिएस्टर, एकाच कुळातले, दोघेही कुजणारे. तरीही त्यांचं पटत नाही.

काही जोड्या त्याहून विक्षिप्त. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर ही अशीच एक जोडी. खोलीच्या तापमानाला दोघे छान मिसळून काचेसारखे स्वच्छ राहतात, आणि तापवले की वेगळे होतात. काच गढूळते. उष्णतेने गोष्टी विरघळतात हा आपला अनुभव, आणि इथे बरोबर उलटं. भारतीय विज्ञान संस्थेत, ज्या संस्थेला जुने बंगळुरूकर अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, पदार्थ अभियांत्रिकी विभागात सूर्यसारथी बोस यांच्या गटाने या तापून फुटणाऱ्या जोडीवर बरंच काम केलं आहे. हा विभाग पूर्वी धातुशास्त्राचा होता. भट्टी आणि पोलादाच्या शाळेत आता पिशव्यांचा विचार होतो, हेही काळाचंच लक्षण.

तापून फुटणं स्वयंपाकघराला नवीन नाही. नुसतं ताक चुलीवर ठेवलं तर ते फुटतं, चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. म्हणून कढीच्या ताकाला आधी बेसन लावतात. बेसन ताकाला घट्ट करतं हे खरंच, पण त्याचं मोठं काम वेगळं आहे: ते मध्ये जाऊन बसतं आणि ताकातले कण एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे थांबवतं. पॉलिमरांच्या मिश्रणालाही असं बेसन लावावं लागतं. कारखान्यात त्याला कंपॅटिबिलायझर म्हणतात, आपण मध्यस्थ म्हणू. ते अगदी थोडं लागतं, कारण त्याला सगळ्या मालात पसरायचं नसतं, फक्त सरहद्दीवर जाऊन बसायचं असतं.

ते तिथे पोचतं कसं आणि करतं काय, हा या विषयातला सगळ्यात देखणा भाग. दोन्ही पॉलिमरांचे दाणे जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये टाकतात. लांब पोलादी नळी, आत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन मळसूत्री दांडे, तापमान १८० अंशांच्या आसपास. आतला माल दोन-एक मिनिटांत पार होतो. या दोन मिनिटांत दोन विरुद्ध क्रिया चालू असतात. दांड्यांच्या घासण्याने थेंब ताणले जातात, लांबट होतात आणि तुटून लहान होतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्ये एका द्रवातल्या दुसऱ्या द्रवाच्या थेंबांवर नेमका हा अभ्यास केला होता. एका बाजूला थेंबाला फाडणारी ओढ आणि दुसऱ्या बाजूला त्याला गोल ठेवणारा पृष्ठताण, या दोघांच्या झुंजीवर थेंबाचा आकार ठरतो. दरम्यान तुटलेले थेंब एकमेकांवर आदळून पुन्हा मोठे होत असतात. मध्यस्थ नसला तर शेवटी दहा-दहा मायक्रॉनचे थेंब उरतात, त्यांच्या कडा गुळगुळीत. असा नमुना तोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की थेंब निसटून पडलेल्या गोल खळग्यांची रांगच दिसते. दोघांनी एकमेकांना धरलंच नव्हतं.

आता त्याच नळीत वजनाने एक टक्क्याहूनही कमी असं एक द्रव्य टाका, ज्याच्या प्रत्येक रेणूला अनेक इपॉक्सी गट आहेत. इपॉक्सी गट म्हणजे एका ऑक्सिजन अणूने आणि दोन कार्बन अणूंनी केलेलं तिकोनी कडं. ते इतकं ताणलेलं असतं की उघडायला निमित्तच शोधत असतं. पीएलए आणि पीबीएटी दोघांच्याही साखळ्यांच्या टोकांना आम्लाचे किंवा अल्कोहोलचे गट असतात. त्यांची गाठ पडली की कडं उघडतं आणि पक्का बंध होतो. एकाच रेणूचा एक हात पीएलएच्या टोकाला आणि दुसरा पीबीएटीच्या टोकाला लागला, की एक नवा संकरित रेणू तयार झाला. त्याचा अर्धा देह इकडे, अर्धा तिकडे. तो सरहद्द सोडून जाऊच शकत नाही, कारण कुठल्याही एका बाजूला गेला तर त्याचा दुसरा अर्धा परक्या मुलखात सापडतो. म्हणजे मध्यस्थ बाहेरून आणून नेमका जागेवर बसवावा लागत नाही. तो सरहद्दीवरच, त्या दोन मिनिटांत, दोन्ही पक्षांच्या अंगातून जन्माला येतो.

असे संकरित रेणू सरहद्दीवर दाटले की पृष्ठताण उतरतो, थेंब अधिक लहान तुटतात आणि एकमेकांवर आदळले तरी जुळत नाहीत. शिवाय साखळ्या दोन्ही बाजूंत रुतलेल्या असल्यामुळे एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूला पोचतो. तडा निघाला तरी त्याला सरहद्दीवरून सुटायला वाट मिळत नाही. पदार्थ तोच, प्रमाण तेच, पण काडकन तुटणारी पट्टी आता ताणली जाते. हे द्रव्य जास्त झालं तर साखळ्या जाळ्यात अडकतात आणि फिल्ममध्ये डोळ्यांना दिसतील अशा गाठी येतात. पिशवीवाले या गाठींना फार घाबरतात.

यात एक विरोधाभास आहे. हे पॉलिमर कुजतात कारण त्यांच्या कड्यांमधला एस्टर बंध पाण्याने तुटू शकतो. तोच बंध १८० अंशांच्या नळीतही पाण्याने तुटतो, आणि तिथे तर फार वेगाने. दाण्यांत किंचित ओल राहिली तरी साखळ्या आखूड होतात आणि पिशवी बनण्याआधीच तिचं आयुष्य कमी होतं. म्हणून पीएलएचे दाणे एक्स्ट्रूडरमध्ये टाकण्याआधी तासन्‌तास सुकवावे लागतात. जो पदार्थ नंतर ओल्या कचऱ्यात विरघळून जावा असं आपल्याला वाटतं, तो कारखान्यात ओलीपासून जिवापाड जपावा लागतो.

न मिसळणं हा दोषच असतो असंही नाही. बोस यांच्या गटाने पॉलिएथिलीन आणि पॉलिएथिलीन ऑक्साइड ही कुजण्याशी संबंध नसलेली जोडी घेतली. योग्य प्रमाणात मिसळलं तर या जोडीत थेंब उरतच नाहीत. दोन्ही पॉलिमर नमुन्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पसरतात आणि एकमेकांत गुंतलेल्या दोन चक्रव्यूहांसारखे राहतात. पॉलिएथिलीन ऑक्साइड पाण्यात विरघळतं. ते धुऊन काढलं की उरतं आरपार सूक्ष्म बोगदे असलेलं पॉलिएथिलीन, म्हणजेच पाणी गाळायचा पडदा. त्यात चांदीचे कण बसवलेलं ग्राफीन घालून जिवाणू मारणारे पडदेही या गटाने केले. दोन पदार्थांचं न पटणंच इथे उपयोगी पडलं.

याच विभागातल्या कौशिक चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सरहद्दीच्या प्रश्नावर आणखी वेगळी वाट दाखवली. त्यांनी शेतातल्या काडीकचऱ्यातून काढलेलं सेल्युलोज आणि एरंडेल घेतलं. एरंडेलाचं नाव काढलं की एका पिढीचं तोंड अजून वाकडं होतं, पण रसायनज्ञाला ते फार प्रिय असतं. त्यातल्या मेदाम्लांपैकी नव्वदेक टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं, आणि त्याच्या साखळीत मध्येच एक अल्कोहोलचा गट असतो, जो खाद्यतेलांत सहसा नसतो. तिथे पकड घेता येते. सेल्युलोजच्या अंगावर तर असे गट जागोजाग. दोघांना डायआयसोसायनेट या दोन हातांच्या रेणूने बांधून टाकलं. इथे मध्यस्थ सरहद्दीवर बसत नाही. तो दोन्ही पदार्थ शिवून एकच करून टाकतो. त्यातून पिशव्या, चमचे, डबे करण्याजोगे पत्रे निघाले, आणि प्रमाण बदललं की लवचीकपणा बदलतो असंही दिसलं. एरंडाचं सर्वाधिक पीक भारतातच होतं, तेही मुख्यतः गुजरातेत, आणि उत्तरेत काडीकचरा पेटवून देण्याचा प्रश्न दर हिवाळ्याच्या तोंडावर येतो, हे लक्षात घेतलं तर ही कल्पना फार शहाणी आहे. डायआयसोसायनेट मात्र कारखान्यात हाताळायला विषारी आणि मुळात खनिज तेलाचं लेकरू. ती बाजू सोडून नुसतं 'एरंडेलाचं प्लास्टिक' म्हणणं मला अपुरं वाटतं.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत विलक्षण मध्यस्थ म्हणजे पीएलए स्वतः. लॅक्टिक आम्लाचे रेणू दोन जातींचे असतात, डावे आणि उजवे, आरशातल्या प्रतिमेसारखे. अणू तेच, क्रम तोच, फक्त वळण उलटं. नुसत्या एका जातीच्या साखळ्यांचा पीएलए १७० ते १८० अंशांना वितळतो. उलट्या जातीचाही तेवढ्यालाच. क्योतो विद्यापीठातल्या योशितो इकाडा यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं की दोन्ही साखळ्या एकत्र केल्या, तर त्या एकमेकींना लगटून नवाच स्फटिक रचतात, आणि तो वितळतो २३० अंशांना. बाहेरून काहीही न घालता पन्नास अंशांची भर! नेहमीच्या पीएलएचा पेला गरम चहाने मऊ पडतो, कारण साठेक अंशांनाच त्याचा ताठपणा जातो. हे नवे स्फटिक मुबलक असलेला पीएलए मात्र उष्णतेला कितीतरी पुरून उरतो. फ्लोरी-हगिन्सच्या निर्दय गणितात ही जवळजवळ प्रेमकथा आहे, आणि तीही स्वतःच्याच प्रतिबिंबाशी.

आता पिशवी रिकामी झाली. पुढे काय? प्रयोगशाळेत कंपोस्टेबल प्लास्टिकची परीक्षा ५८ अंशांच्या आसपास राखलेल्या कंपोस्टमध्ये होते, आणि मुख्य अट अशी की सहा महिन्यांत त्यातला ९० टक्के कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून गेला पाहिजे. तापमानाचा हा आकडा योगायोगाने आलेला नाही. साठ अंशांच्या जवळ गेल्याशिवाय पीएलएच्या साखळ्या हलायला तयार होत नाहीत आणि पाण्याला आत शिरकाव मिळत नाही. मोठ्या कंपोस्ट ढिगाच्या पोटात सूक्ष्मजीवांच्या कामाने एवढी ऊब आपोआप येते. बाल्कनीतल्या कुंडीत ती कधीच येत नाही. तिथे पीएलए वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. मध्यस्थ द्रव्याचाही हिशेब द्यावा लागतो. युरोपच्या ईएन १३४३२ मानकात न कुजणारा कुठलाही सेंद्रिय घटक एक टक्क्याच्या आतच चालतो, आणि असे सगळे घटक मिळून पाच टक्क्यांच्या वर नाहीत. सरहद्दीवरच्या रेणूंचं अगदी थोडं लागणं इथेही कामी येतं.

बंगळुरूने कचऱ्यासाठी दोन डबे आणि एक पिशवी अशी पद्धत लावली: हिरव्या डब्यात ओला, लाल डब्यात सॅनिटरी वगैरे टाकाऊ, आणि पिशवीत सुका. कंपोस्टेबल पिशवीची जागा ओल्यात, पण ती दिसते सुक्यासारखी. ती चुकून सुक्यात गेली की जुनं गणित पुन्हा उभं राहतं. पीएलए पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटीमध्येही मिसळत नाही. पुनर्वापराच्या भट्टीत तो थोडासाही शिरला तर बाटलीचा माल गढूळतो, आणि तिथे बेसन लावायला कोणी बसलेलं नसतं. ओल्यातून निवडून काढली गेली तर ती जाते थेट भरावात, म्हणजे तिच्यासाठी केलेले सगळे कष्ट मातीत, तेही चुकीच्या मातीत.

कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, देशाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर. कंपोस्टेबल पिशव्यांना केंद्राच्या नियमांत सवलत आहे, पण त्यासाठी उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं. नुसत्या 'जैवविघटनशील' म्हणवणाऱ्या प्लास्टिकसाठी मार्च २०२४ च्या दुरुस्तीने आणखी कडक शब्द वापरले: विघटनानंतर सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये. अनेक दुकानांत मात्र हिरवं पान छापलेली साधी पॉलिएथिलीनची पिशवीही 'इको' म्हणून खपते. हाताने चोळून किंवा ओढून बघून दोन्हींतला फरक खात्रीने कळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी पिशवी घ्याल तेव्हा उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. क्रमांक नसेल, तर पिशवी दुकानदाराला तिथेच परत करा.